अंगावरचा कॅमेरा

आषाढातल्या बैठकीत मांडव, लाउडस्पीकर आणि महाप्रसादाचा शिधा हे नेहमीचे विषय संपले आणि तरुण मंडळींनी एक कागद पुढे सरकवला. मंडळाच्या पैशांतून त्यांना एक कॅमेरा घ्यायचा होता. हा कॅमेरा हातात धरायचा नसतो. तो पट्ट्याने छातीला किंवा डोक्याला बांधतात. पावसात भिजला, दगडावर आपटला तरी चालतो, म्हणे. दुकानदार त्याला ॲक्शन कॅमेरा म्हणतात. बरा घ्यायचा तर तीस-पस्तीस हजार रुपये. खजिनदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “एवढ्यात तर एका दिवसाचा महाप्रसाद निघते. फोनमधी येत नाही का फोटो?”

याला उत्तर तरुणांनी दिले नाही. कोपऱ्यात बसलेल्या आमच्या एका काकूंनी दिले. त्यांचे माहेर सौंसरकडचे, आणि नागद्वारीची यात्रा त्यांनी सात वेळा केलेली. त्या म्हणाल्या, “एका हाती काठी, एका हाती शिडी. फोन का दातात धरू, भाऊ?” सगळे हसले, खजिनदारही हसले, पण विषय काही त्या दिवशी संपला नाही.

मी शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवले, म्हणून ‘काकाजी, या कॅमेऱ्याचा इतिहास काय तो तुम्ही स्मरणिकेत लिहा’ असे काम माझ्याकडे आले. वाचत गेलो तसे लक्षात आले की काकूंचे ते वाक्यच धरून चालता येते. डोंगरावरचा, आखाड्यातला, नदीतला जुना फोटो समोर आला की तो कोणी काढला असे विचारून पाहावे. उत्तर बहुतेक वेळा एकच असते : ज्याचे हात मोकळे होते त्याने. चढणारे, वाहणारे, झुंजणारे हे फोटोत दिसतात, पण त्यांना स्वतःला काय दिसत होते ते कुठेच नसते.

बाहेरगावी असलेल्या वाचकांसाठी नागद्वारीबद्दल थोडे सांगतो. आपल्याकडच्यांनी हा परिच्छेद खुशाल सोडावा. पचमढीच्या डोंगरांत, आज सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मोडणाऱ्या जंगलात, नागदेवतेची गुहा आहे. ही वाट वर्षातून फक्त नागपंचमीच्या आधीचे दहा-एक दिवस उघडतात, म्हणजे ऐन पावसात. येणाऱ्यांत नागपूर-अमरावतीकडचे लोक फार, आणि आपल्या पांढुर्णा-सौंसरचे तर असतातच. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये आपण छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात आलो. कागदावरच्या रेषा हलल्या, महादेवाची वाट तीच राहिली. सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, तामिया, मटकुली, पचमढी, आणि तिथून पुढे पायी. काजळी, पद्मशेष, चित्रशाळा, स्वर्गद्वार ही नावे ऐकायला गोड आहेत. पायाखाली मात्र चिखल, शेवाळलेले दगड, भरलेले ओढे आणि उभ्या कड्याला टेकवलेल्या लोखंडी शिड्या. ढग उतरला की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते. वाटेत विदर्भातली मंडळे भंडारे चालवतात. तिथे गरम जेवण मिळते आणि ओले कपडे पिळायला एक कोपरा मिळतो.

माझ्या वडिलांनी ही वाट अनेकदा केली. घरात त्याचा एकच पुरावा आहे, पांढुर्ण्याच्या एका स्टुडिओत काढलेला फोटो. वडील दाढी करून, धुतलेले धोतर नेसून उभे आहेत, हातात यात्रेची काठी, आणि मागे रंगवलेल्या पडद्यावर बर्फाचे डोंगर, तळे, तळ्यात हंस. घरी परतल्यावर दोन-चार दिवसांनी काढलेला असावा. अंगठ्याला बांधलेली चिंधी तेवढी खरी यात्रेतली. लहानपणी मी पचमढीला हंस असतात असेच समजत होतो. आईनेही तीनदा ही वाट केली. तिचा हंसांसमोरचाही फोटो नाही.

कॅमेरा डोंगरावर गेला त्याला मात्र दीडशेहून जास्त वर्षे झाली. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज फोटोग्राफर १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८६३, १८६४ व १८६६ अशा तीन सफरी त्याने हिमालयात केल्या. तेव्हा पद्धत ओल्या काचेची. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधारात रसायनांनी धुऊन काढायची. हे सगळे काही मिनिटांत. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर अंधारी खोलीही डोंगरावर न्यायची, तंबूच्या रूपाने. काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, तंबू, साहेबाचे खाणेपिणे. शेवटच्या सफरीत त्याच्याबरोबर ऐंशीच्या आसपास हमाल होते. त्याच वर्षी मणिरंग खिंडीत १८,६०० फुटांवर त्याने फोटो घेतले. तेवढ्या उंचीवर पुढे वीस-एक वर्षे कोणी फोटो घेतला नाही. काम थोर होते, यात वाद नाही. ज्याने कधी बधिर बोटांनी काडेपेटी पेटवली असेल त्याला ती काच ओली ठेवणे म्हणजे काय ते कळेल. पण अंगावर कॅमेरा बांधून डोंगर चढणारे पहिले लोक कोण, असे मला कोणी विचारले तर मी त्या हमालांचे नाव घेईन. कॅमेरा त्यांच्या पाठीवर होता. फोटो साहेबाचा झाला.

आपल्या सातपुड्यातही तसेच. कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६२ मध्ये पचमढीला बायसन लॉज बांधले आणि १८७१ मध्ये त्याचे मध्य हिंदुस्थानातल्या डोंगरी मुलखावरचे पुस्तक निघाले. त्यात महादेवाच्या यात्रेचे वर्णन आहे, आणि ते बारकाईने केलेले आहे. तरी ते कडेला उभे राहून बघणाऱ्याचे आहे. डोक्यावर गाठोडे आणि कडेवर पोर घेऊन जी बाई त्याच्या समोरून गेली तिने पुस्तक लिहिले नाही.

खजिनदारांच्या समाधानासाठी आता एका खरेदीची गोष्ट. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली. मुंबईत फोटोग्राफीचा धंदा करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, हा नवा प्रकार पाहून असे भारावले की त्यांनी इंग्लंडमधल्या रायली ब्रदर्सकडून चित्रपटाचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. गिनी म्हणजे २१ शिलिंग, तेव्हा हे झाले २२ पौंड १ शिलिंग, आणि एका पौंडाला १५ रुपये या त्या वेळच्या दराने सुमारे ३३० रुपये. महिना दहा-बारा रुपयांत घर चालणाऱ्या त्या काळात ही रक्कम घरच्यांना सांगताना सावेदादांनी काय युक्ती केली असेल, हे आपल्या तरुणांनी शोधून काढावे. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली. भारतीय माणसाने घेतलेले हे पहिले चलच्चित्र, आणि ते दरबाराचे किंवा देवळाचे नसून उघड्यावरच्या झुंजीचे आहे, याचे मला फार कौतुक वाटते. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचे स्वागतही त्यांनी टिपले. आज यातले काहीच पाहायला मिळत नाही. कुस्तीची नोंद पुस्तकांत मिळते, पण ती धरलेली पकड आणि तो घाम गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचे काम आहे.

आता कॅमेरा लहान कसा झाला ते पाहू. कार्ल स्टिर्न याच्या नावाने १८८६ मध्ये जर्मनीत एक चपटा, ताटलीसारखा गोल कॅमेरा विकला जाऊ लागला. तो कोटाच्या आत, छातीवर टांगायचा, भिंग बटनाच्या काजातून बाहेर काढायचे आणि खिशातली दोरी ओढायची. एका गोल काचेवर सहा फोटो. अंगावर घालायचा कॅमेरा म्हणजे तो हाच, पण त्याचा उपयोग लोकांचे नकळत फोटो घेण्यासाठी. ही सवय अजून गेलेली नाही. १९०८ मध्ये ज्युलियस न्यूब्रोनर या जर्मन औषधविक्रेत्याने तर कबुतराच्या छातीला बांधायच्या कॅमेऱ्याचे पेटंट मिळवले. कबुतर उडत जायचे आणि कॅमेरा ठरलेल्या वेळाने आपोआप खाली दिसणारे गाव टिपायचा. कबुतराचे हात मोकळे असण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून बटन दाबायचे काम यंत्राकडे गेले. आजच्या कॅमेऱ्याचे मूळ मला त्या कबुतरात दिसते.

१९१२ मध्ये कोडॅकने घडी घालून जाकिटाच्या खिशात मावणारा कॅमेरा काढला. तो हजारो सैनिकांच्या खिशातून पहिल्या महायुद्धात गेला आणि १९२४ मध्ये एव्हरेस्टवरही गेला. ८ जून १९२४ ला जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन शिखराकडे जाताना शेवटचे दिसले. सोबती सॉमरव्हेलने आपला खिशातला कोडॅक त्यांना दिला होता असे सांगतात. १ मे १९९९ ला मॅलरीचे शव सापडले. कॅमेरा नव्हता. ते दोघे शिखरावर पोहोचून परतताना पडले की आधीच, या प्रश्नाचे उत्तर त्या हरवलेल्या डबीत असेल या आशेवर गिर्यारोहक अजून बर्फ उकरतात. २९ मे १९५३ ला हिलरी आणि तेनसिंग खरोखर पोहोचले. बर्फाची कुऱ्हाड उंचावलेला तो प्रसिद्ध फोटो तेनसिंगचा आहे. कॅमेरा हिलरीच्या हातात होता, म्हणून शिखरावरचा हिलरीचा फोटोच नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या बाबतीत हा पुराव्याचा प्रश्न अलीकडे फार बोचरा झाला. पुण्याच्या सुरेंद्र चव्हाणांनी १९९८ मध्ये एव्हरेस्ट गाठले, आणि १९ मे २०१२ ला गिरिप्रेमी संस्थेच्या मोहिमेतले आठ जण एका दिवसात शिखरावर उभे राहिले तेव्हा आपल्याला किती अभिमान वाटला होता! आणि २०१६ मध्ये पुण्याच्याच एका दांपत्याने शिखरावरचे म्हणून दाखवलेले फोटो दुसऱ्याच्या फोटोंत फेरफार करून बनवलेले निघाले. नेपाळने त्या दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. एक स्थिर फोटो आता पुरावा म्हणून पुरत नाही. सलग चाललेले चित्र, त्यात श्वास, वारा, बरोबरच्याची हाक, हे रचणे त्यापेक्षा अवघड. अशक्य आहे असे मी आता म्हणणार नाही.

सलग चित्र अंगावर बांधून घेण्याची खटपट १९८७ मध्ये अमेरिकेत मार्क शुल्झ या माणसाने केली. डोंगरात सायकल चालवताना त्याने हेल्मेटला व्हिडिओ कॅमेरा बसवला आणि त्याची वायर पाठीवरच्या पिशवीत ठेवलेल्या रेकॉर्डरला जोडली. पुन्हा हमालीच, पण स्वतःची. त्यानंतर निक वुडमन. २००२ मध्ये तो ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या किनाऱ्यांवर लाटांवर स्वार व्हायला गेला आणि कॅमेरा मनगटाला कसा बांधावा या विवंचनेत पडला. लाटेवर फळी सांभाळणाऱ्याचे हात मोकळे नसतात. काठी आणि शिडी सांभाळणाऱ्या आमच्या काकूंची तीच अडचण. वुडमनने गोप्रो कंपनी काढली. २००४ चा पहिला कॅमेरा साध्या रिळाचा होता, मनगटाच्या पट्ट्यासकट. २००६ च्या डिजिटल कॅमेऱ्यात एका वेळी दहा सेकंदांचे चित्र मावायचे. आज या जातीचे कॅमेरे दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे, वेगळी डबी न लावता दहा मीटर पाण्यात चालणारे असतात. आत हालचाल मोजणारी सूक्ष्म यंत्रणा असते. माणूस डावीकडे कलला की ती चित्राची चौकट तेवढीच उजवीकडे सरकवते, म्हणून चालणाऱ्याचे चित्र आता पाहणाऱ्याला ओकारी आणत नाही. आधी आणायचे.

इथे गोटमारीचा विषय येतो, आणि तो टाळून हा लेख लिहिता आला असता तर मला बरे वाटले असते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतर विदर्भात तान्हा पोळा असतो, पोरे लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. त्याच दिवशी आपल्याकडे जाम नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड घेऊन उभे राहतात. मध्ये नदीत पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा. पळून आलेल्या प्रेमिकांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. दरवर्षी शेकडो जण जखमी होतात, आजवर माणसेही मेली आहेत, आणि तिसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधलेली मुलेच गणपतीला आणायला खांद्यावर ढोल घेऊन जातात. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, चालले नाही. आता वरून ड्रोन फिरतो आणि खांबांवर कॅमेरे असतात.

माझ्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक स्वस्त कॅमेरा घेतला होता. खोक्यावर सगळे गुण छापलेले, जलाभेद्य म्हणून ठसठशीत अक्षरे. नागद्वारीच्या पहिल्याच ओढ्यात डबीत पाणी शिरले. विकणाऱ्याने आठ दिवस ‘तक्रार नोंदवली आहे’ असे सांगितले आणि मग सांगणेही बंद केले. कॅमेरा उन्हात वाळवल्यावर कसाबसा सुरू झाला, आणि तो डोक्याला बांधून हा मुलगा, घरी न सांगता, गोटमारीत उतरला.

ते अकरा मिनिटांचे चित्र मी पाहिले आहे. जन्मभर मी गोटमार गच्चीवरून, पुलाच्या कडेने, वर्तमानपत्रातून पाहिली. वरून ती लढाईसारखी दिसते. आतून तशी ती दिसतच नाही. धापांचा आवाज, वाळूत घसरणारे बूट, कोणाची तरी “सरक, सरक” अशी हाक. दगड दगडासारखा दिसत नाही. आधी आकाशात एक ठिपका असतो, तो जागचा हलत नाही, फक्त मोठा होतो. जो हलत नाही तोच आपल्याकडे येत असतो, हे मला साठाव्या वर्षानंतर त्या चित्राने शिकवले. एका ठिकाणी पलीकडच्या तीरावरचा एक माणूस ओळखू येतो. पुतण्याच्या मामेसासऱ्यांच्या गावचा, आमच्या घरी जेवून गेलेला. तोही ओळखतो. दोघे क्षणभर थांबतात. मग दोघेही वाकून दगड उचलतात.

तरुणांचे म्हणणे असे की हेच तर तुम्ही सांगता ना काकाजी, आतल्याचे आतून? ड्रोनमधून आम्ही मुंग्यांसारखे दिसतो. ते चित्र उद्या फक्त गुन्हा सिद्ध करायला वापरतील. आमचे आम्हाला जपू द्या. हा युक्तिवाद खोटा आहे असे मला म्हणता येत नाही. माझ्याच लेखातून तो निघतो.

तरी मी बैठकीत विरुद्ध मत दिले. पुतण्याने नंतर मला जे सांगितले त्यामुळे. नवव्या मिनिटाला त्याला मागे फिरायचे होते. कानाजवळून एक दगड गेला होता आणि पाय कापत होते. तो थांबला, कारण कॅमेरा चालू होता. झेंड्यापर्यंत गेल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही असे त्याला वाटले. बोर्नचा हमाल, लाटेवरचा वुडमन, शिडीवरच्या काकू, यांनी जे करायचे ते केलेच असते. कॅमेरा असता-नसता तरी. इथे कॅमेरा माणसाला दोन मिनिटे जास्त उभा करत होता, आणि त्या दोन मिनिटांत काय होऊ शकते हे पांढुर्ण्यात सांगावे लागत नाही. मंडळाचा कॅमेरा गोटमारीला द्यायचा नाही असा ठराव झाला. एकमताने नव्हे. ज्यांनी विरोध केला त्यांचा मला राग नाही.

कॅमेरा घ्यायचे मात्र ठरले, नागद्वारीसाठी. खरेदीची हकीकत थोडक्यात सांगतो, दुसऱ्या मंडळांना उपयोगी पडेल. नागपूरच्या दुकानात जाऊन, हातात घेऊन, पावती आणि हमीचा कागद घेऊन आणला. डोक्याला बांधायचा की छातीला यावर बराच खल झाला. डोक्याचा कॅमेरा मान वळेल तिकडे वळतो, पण त्यात स्वतःचे हात दिसत नाहीत. छातीचा कॅमेरा हात, काठी, शिडीचा गज दाखवतो. म्हणून छातीचा पट्टा. जादा बॅटऱ्या दोन, कारण एक बॅटरी तास-दीड तासाच्या वर जात नाही आणि वाटेत वीज नसते. बॅटरीचे झाकण पावसात उघडायचे नाही, भंडाऱ्याच्या ताडपत्रीखाली हात कोरडे करून मगच. पाण्यात चालतो याचा अर्थ पाण्यातून दिसते असा नाही. भिंगावर एक थेंब बसला की पुढची अर्धी वाट धूसर येते, तेव्हा गळ्यात मऊ फडके हवे. ही अक्कल पहिल्या दिवसाचे चित्र वाया गेल्यावर आली. व्याघ्र प्रकल्पाचे जंगल असल्याने वनखात्याला आधी विचारले. आणि देवळाच्या गाभाऱ्यात, स्नानाच्या जागी, भंडाऱ्यात जेवणाऱ्यांसमोर कॅमेरा बंद, हे काकूंनी बजावले. स्टिर्नच्या कोटाची आठवण त्यांना नव्हती, पण मुद्दा तोच.

सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली, रुंद रूळ टाकण्यासाठी. तिच्या शेवटच्या दिवसांत लोकांनी बाहेर उभे राहून इंजिनाचे पुष्कळ फोटो काढले. डब्यात संत्र्यांच्या टोपल्यांवर बसून सकाळी निघालेल्या बायकांना खिडकीतून काय दिसत होते, ते मला अजून कोणाकडे सापडलेले नाही. असे काही कोणाकडे असेल तर मंडळाला द्यावे. आणि सावेदादांच्या कुस्तीचे झाले ते आपले होऊ नये म्हणून यंदाच्या चित्राच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवल्या आहेत. एक मंडळाच्या कपाटात झांजांच्या खाली, आणि एक माझ्याकडे, वडिलांच्या फोटोशेजारी. तारीख, वाट आणि चालणाऱ्यांची नावे वहीत लिहिली आहेत.

यंदा कॅमेरा कोणी बांधायचा यावर तरुणांत चिठ्ठ्या टाकायचे चालले होते. शेवटी तो काकूंनाच बांधला. त्यामुळे चित्रात काकू कुठेच नाहीत. दिसतात ते त्यांचे दोन हात, हिरव्या बांगड्या, एका हातात वरून साल निघालेली काठी आणि दुसऱ्या हातात शिडीचा ओला गज. वरच्या बाईची टाच. पावसाचा आवाज. मध्येच काकू कोणाला तरी “घाबरू नको, माय, मी खाली हाय” असे म्हणतात. खजिनदारांनी ते दोनदा पाहिले.

ऋषिपंचमीच्या दिवशी, रात्रीच्या आरतीनंतर, मांडवात पडदा लावून हे चित्र दाखवणार आहोत. लांबी चाळीस मिनिटे. बसायला सतरंजी घरून आणावी.